आधी भिंत, मग क्वार्टरबॅक

२००२ साली ह्यूस्टन टेक्सन्स हा अगदी नवा संघ एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये उतरला. खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, पहिल्याच क्रमांकावर त्यांनी डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक, म्हणजे हल्ला चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, घेतला. त्या मोसमात १६ सामन्यांत कारला तब्बल ७६ वेळा चेंडू हातात असतानाच खाली पाडलं गेलं. एका मोसमातला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. कारचं रक्षण करायला म्हणून टोनी बोसेली या नावाजलेल्या लेफ्ट टॅकलला, म्हणजे क्वार्टरबॅकसमोरच्या भिंतीतल्या डाव्या टोकाच्या खेळाडूला, घेतलं होतं, पण खांद्याच्या दुखापतीमुळे तो टेक्सन्ससाठी एकही सामना खेळला नाही आणि त्याच्या तोडीचा दुसरा कुणी संघात नव्हता. पाच मोसमांत कार २४९ वेळा पडला. मग संघाने त्याला सोडून दिलं.

२०१३ साली तोच पहिला क्रमांक कॅन्सस सिटी चीफ्सकडे आला. आधीच्या मोसमात ते १६ पैकी फक्त २ सामने जिंकले होते, म्हणजे क्वार्टरबॅकची गरज त्यांनाही होतीच. पण त्यांनी निवडला एरिक फिशर, एक लेफ्ट टॅकल. क्वार्टरबॅक म्हणून अनुभवी अ‍ॅलेक्स स्मिथला दुसऱ्या फेरीच्या निवडी, म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचे हक्क, देऊन आणलं. तरुण क्वार्टरबॅक त्यांनी घेतला तो चार वर्षांनी, २०१७ मध्ये. त्याचं नाव पॅट्रिक महोम्स.

या दोन गोष्टींमधला फरक नशिबाचा वाटतो. नशीब आहेच, पण त्याखाली एक साधा हिशोब आहे, आणि तो समजला की एप्रिलमधला ड्राफ्ट वेगळ्याच नजरेने दिसतो.

अकरांचा हिशोब

दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. क्वार्टरबॅकसमोर पाच जणांची भिंत असते, ती ऑफेन्सिव्ह लाइन. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. बहुतेक जण १३५ किलोच्या वरचे. चेंडू फेकून खेळायचं ठरलं की त्यांचं काम एकच असतं, समोरून येणाऱ्यांना रोखून धरणं. क्वार्टरबॅक आणि हे पाच वजा केले की उरतात पाच, ते चेंडू झेलायला धावू शकतात.

बचाव करणारा संघ सर्वसाधारणपणे चार जणांना क्वार्टरबॅकवर सोडतो. उरलेले सात झेलणाऱ्यांच्या मागावर राहतात. पाच जणांच्या भिंतीने चौघांना थोपवलं तर पाच झेलणारे मोकळे सुटतात आणि सात जणांना मैदानाची सगळी रुंदी सांभाळावी लागते. भिंत कच्ची असेल तर प्रशिक्षक टाइट एंड (भिंतीच्या टोकाशी उभा राहून अडवणारा आणि झेलणाराही) आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) या दोघांना रक्षणासाठी मागे ठेवतो. आता सात जण चौघांना रोखतात आणि झेलायला उरतात तीन, सात बचावपटूंविरुद्ध. क्वार्टरबॅक वर पाहतो तेव्हा त्याला मोकळा माणूसच दिसत नाही. घरी बसलेला प्रेक्षक म्हणतो, ‘पोराला समोरचा बचाव वाचता येत नाही.’ वाचायला समोर काही ठेवलेलंच नसतं.

स्नॅप, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिला त्या क्षणापासून फेक सुटेपर्यंत साधारण अडीच ते तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात क्वार्टरबॅक काही पावलं मागे जातो, पहिल्या झेलणाऱ्याकडे बघतो, तो अडकला असेल तर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. नवख्याला कॉलेजात बहुधा एखादा-दुसरा पर्याय पाहून भागायचं, इथे दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या पर्यायापर्यंत पोचावं लागतं. नजर दुसऱ्या पर्यायावर जाण्याआधीच कुणी अंगावर आलं, तेही आठवड्यामागून आठवडे, तर त्याचं शरीर वेगळाच धडा शिकतं. नजर मैदानावरून उतरून अंगावर येणाऱ्यांवर जाते. चेंडू मागच्या पायावरून फेकला जातो. धोका नसतानाही तो पळ काढतो. या सवयी अंगात मुरल्या की पुढे उत्तम भिंत मिळाली तरी सहज सुटत नाहीत. तरुण क्वार्टरबॅकचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे. मोडलेलं हाड जुळून येतं, बिघडलेल्या पावलांना फार वेळ लागतो.

टॅकलला प्रसिद्धी जास्त मिळते, कारण उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या टोकाकडे असते आणि तिकडून येणारा त्याला दिसत नाही. तरीही नवख्यासाठी मधले तिघे, म्हणजे सेंटर आणि दोन गार्ड, तेवढेच महत्त्वाचे मानायला हवेत, काही वेळा जास्तच. टोकाकडून दबाव आला तर एक पाऊल पुढे सरकून तो चुकवता येतो, हल्लेखोर मागून वळसा घालून निघून जातो. मधून भिंत फुटली तर पुढे सरकायला जागाच राहत नाही, आणि समोर हात वर केलेला १४० किलोचा माणूस असल्यामुळे मैदानाचा मधला भाग दिसेनासा होतो. क्वार्टरबॅकची उंची कमी असेल तर हे आणखी जाचतं.

या पाच जणांना एकत्र खेळण्याची सवय लागते. समोरचे दोन बचावपटू धावता धावता जागा अदलाबदल करतात, तेव्हा गार्ड आणि टॅकलने आपापला माणूस एकमेकांच्या हवाली करायचा असतो. हे ओरडून सांगायला वेळ नसतो, शेजारच्याचा खांदा कधी वळेल हे माहीत असावं लागतं. कोण कुणाला अडवणार याची हाक स्नॅपआधी बहुतेक संघांत सेंटर देतो. अनुभवी सेंटर असेल तर नवख्या क्वार्टरबॅकच्या डोक्यावरचं निम्मं ओझं तिथेच उतरतं. एकाच ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक आणि नवखा सेंटर दोन्ही घेऊन त्याच सप्टेंबरात दोघांना उतरवणं म्हणूनच धोक्याचं.

आणि लाइनमन लगेच पिकत नाहीत. पहिल्या क्रमांकाचा फिशर पहिल्या वर्षी उजव्या टॅकलला खेळला आणि धडपडला. डावीकडे तो गेला दुसऱ्या वर्षी. समजा त्याच वर्षी त्याच्यामागे २२ वर्षांचा क्वार्टरबॅक उभा असता, तर दोघांच्याही चुकांची किंमत एकानेच चुकवली असती.

बाकीचा संघ कशासाठी

दुसऱ्या प्रयत्नाला ६ यार्ड बाकी असणं आणि १२ बाकी असणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक. सहा यार्ड असताना बचाव करणाऱ्यांना कळत नाही की चेंडू घेऊन धावणार की फेकणार. बारा असले की सगळ्यांना कळतं. मग हल्लेखोर कान टवकारून थेट क्वार्टरबॅकवरच सुटतात. म्हणून धावून चार-पाच यार्ड मिळवू शकणारा संघ हा नवख्यासाठी उत्तम शिक्षक. धावण्याचा नुसता आव आणून फेकायचं, म्हणजे प्ले-अ‍ॅक्शन, हेसुद्धा अशा वेळी फळतं, कारण लाइनबॅकर, म्हणजे मधल्या फळीतले बचावपटू, एक पाऊल पुढे येतात आणि त्यांच्या पाठीमागे खिंडार पडतं.

चांगला बचावही तेच काम दुसऱ्या टोकाकडून करतो. संघ १४ गुणांनी मागे पडला की धावणं सोडून फेकत सुटावं लागतं. पिट्सबर्ग स्टीलर्सने २००४ मध्ये ११व्या क्रमांकावर बेन रॉथलिसबर्गरला घेतलं. आधीचा मोसम ६ विजय, १० पराभव असा होता, पण संघ आतून पोकळ नव्हता. लाइनमध्ये अ‍ॅलन फनेका होता, धावायला जेरोम बेटिस आणि ड्यूस स्टेली, झेलायला हाइन्स वॉर्ड. त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात कमी गुण त्यांनीच दिले. नियमित क्वार्टरबॅक टॉमी मॅडॉक्स दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला आणि नवखा उतरला. त्या नियमित मोसमात त्याने सुरुवात केलेले तेराही सामने संघाने जिंकले. पूर्ण मोसमात त्याला २९५ फेका कराव्या लागल्या, सामन्याला २१ च्या आसपास. आता २०२३ चे कॅरोलिना पँथर्स बघा. पहिल्या क्रमांकाच्या ब्राइस यंगने १६ सामन्यांत ५२७ फेका केल्या, ६२ वेळा पडला, आणि संघ १७ पैकी २ सामने जिंकला. दोघांच्या गुणवत्तेची तुलना इथे करायची नाही. एकाला शिकायला वेळ मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही.

घड्याळ कधी सुरू होतं

आता पैशाचं बघू. ‘आधी संघ’ या विचाराला खरा जोर पैशातूनच येतो.

एनएफएलमध्ये प्रत्येक संघाने खेळाडूंवर किती खर्च करायचा याला वरची मर्यादा असते, ती सॅलरी कॅप. २०२४ साली ती २५.५४ कोटी डॉलर होती. २०१० पर्यंत ड्राफ्टमध्ये वर निवडलेला क्वार्टरबॅकही महाग पडायचा. त्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला, त्यातले ५ कोटी हमखास. २०११ च्या कामगार करारात, म्हणजे लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या करारात, नवख्यांचे पगार बांधून टाकले गेले. त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर आलेला कॅम न्यूटन चार वर्षांसाठी २.२ कोटींवर आला.

अलीकडचे आकडे असे. २०२४ च्या पहिल्या क्रमांकाच्या केलेब विल्यम्सचा चार वर्षांचा करार ४ कोटी डॉलरच्या जरा आत, म्हणजे वर्षाला सरासरी १ कोटीच्या आसपास. त्याच वर्षी डॅक प्रेस्कॉट या अनुभवी क्वार्टरबॅकचा नवा करार झाला तो वर्षाला सरासरी ६ कोटींचा. फरक झाला सुमारे ५ कोटींचा, आणि त्या काळात अव्वल टॅकल वर्षाला २.८ कोटींना मिळत होता. म्हणजे स्वस्त क्वार्टरबॅक असलेल्या प्रत्येक वर्षी जवळजवळ दोन अव्वल टॅकलांचे पैसे हातात शिल्लक राहतात.

पण ही सवलत मुदतीची आहे. करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी संघ पाचवं वर्ष बरंच जास्त पैसे मोजून वाढवू शकतो. तीन मोसम झाले की नवा मोठा करार करायची मुभा मिळते आणि चांगल्या क्वार्टरबॅकचा एजंट त्याच उन्हाळ्यात दारात उभा राहतो. ड्राफ्टच्या दिवशी घड्याळ चालू झालं. पहिली दोन वर्षं भिंत उभारण्यात गेली, तर स्वस्ताईची एक-दोनच वर्षं जिंकायला उरतात. भिंत आधीच उभी असेल तर चारही वर्षं आपली.

सिॲटल सीहॉक्सने हे फार सुंदर साधलं. २०१० मध्ये लेफ्ट टॅकल रसेल ओकुंग आणि सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, अर्ल थॉमस पहिल्या फेरीत घेतले, दुसरा सेफ्टी कॅम चॅन्सेलर पाचव्या फेरीत, आणि त्याच ऑक्टोबरात रनिंग बॅक मार्शॉन लिंचला दुसऱ्या संघाकडून आणलं. २०११ मध्ये पाचव्या फेरीत बचावपटू रिचर्ड शर्मन. मग २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत, ७५व्या क्रमांकावर, क्वार्टरबॅक रसेल विल्सन. त्याचा चार वर्षांचा पूर्ण करार ३० लाख डॉलरच्या आत होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी डेन्व्हरला ४३-८ असं हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

जिंकणाऱ्या संघाला क्वार्टरबॅक मिळणार कसा

हा आक्षेप रास्त आहे. ड्राफ्टचा क्रम उलटा असतो, सगळ्यात वाईट संघ पहिला निवडतो. आधी संघ मजबूत केला तर तो जिंकेल, मग वरचा क्रमांक कुठून येणार?

चीफ्सनेच याचं उत्तर दिलं. २०१६ मध्ये ते १२ सामने जिंकले, म्हणून २०१७ च्या ड्राफ्टमध्ये त्यांचा क्रमांक २७वा होता. तिथून ते बफेलोशी सौदा करून १०व्या क्रमांकावर चढले. अशा सौद्यांसाठी जुना मापदंड आहे तो डॅलस काउबॉइजने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेला गुणांचा तक्ता. त्यात पहिला क्रमांक ३००० गुणांचा, १०वा १३०० चा, २७वा ६८० चा. तूट ६२० गुणांची. ती भरायला चीफ्सनी तिसऱ्या फेरीतला ९१वा क्रमांक दिला, तो १३६ गुणांचा, आणि वर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड. संघ चांगला असल्यामुळे ती पुढची निवडही खालचीच असणार होती, म्हणजे त्यांना तुलनेने स्वस्त पडणार होती. दुबळा संघ जेव्हा पुढच्या वर्षीची पहिली निवड देतो, तेव्हा तो बहुधा फार मोठा क्रमांक देऊन बसतो. पँथर्सचं तेच झालं. यंगसाठी वर चढताना त्यांनी ९वा आणि ६१वा क्रमांक दिला, २०२४ ची पहिली निवड आणि २०२५ ची दुसरी दिली, आणि त्यावर आपला सगळ्यात चांगला रिसिव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा खेळाडू, डीजे मूरही दिला. म्हणजे खिडकी बसवायला भिंतीतल्याच विटा काढल्या. मोसमात दोन्ही नियमित गार्ड बराच काळ जखमी राहिले आणि मधला भाग कोसळला. २०२४ ची ती पहिली निवड शेवटी अख्ख्या ड्राफ्टमधली पहिली ठरली, आणि ती होती ज्यांच्याशी हा सौदा झाला त्या शिकागो बेअर्सच्या हातात.

महोम्सने पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण बाकावर काढलं, नियमित मोसमातल्या फक्त शेवटच्या सामन्यात त्याने सुरुवात केली. त्याच्यापुढे अ‍ॅलेक्स स्मिथ खेळत होता, संघ जिंकत होता, कुणाला घाई नव्हती. २०१८ मध्ये तो उतरला तेव्हा फिशर पाच वर्षांचा मुरलेला होता, उजवीकडे मिचेल श्वॉर्ट्झ होता, मधे मिच मोर्स, झेलायला ट्रॅव्हिस केल्सी आणि टायरीक हिल, आणि प्रशिक्षक अँडी रीड यांची पद्धत सहाव्या वर्षात होती. त्या मोसमात महोम्सच्या फेकांतून आले ५,०९७ यार्ड आणि ५० टचडाउन, म्हणजे चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून मिळवलेले गुण.

भिंतीचं मोल त्याच संघाला पुढे उलट्या बाजूनेही कळलं. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये फिशर आणि श्वॉर्ट्झ दोघेही जखमी होते. टँपा बे ३१-९ ने जिंकलं, महोम्सला एकही टचडाउन करता आला नाही. त्यानंतरच्या काही महिन्यांत चीफ्सनी जवळजवळ अख्खी लाइन बदलली. गार्ड जो थूनी आणि टॅकल ऑर्लँडो ब्राउन बाहेरून आणले, सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत आणि ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत निवडला.

काय आधी, काय नंतर

क्रम लावायचा तर सगळ्यात आधी प्रशिक्षक आणि त्याची पद्धत. नवखा आल्यावर पहिल्या तीन वर्षांत प्रशिक्षक बदलला की त्याला नवी भाषा शिकावी लागते, आणि आधीची दोन वर्षं पाण्यात जातात. त्यानंतर लाइन, निदान दोन वर्षं आधीपासून. पाचही जण महागडे असायची गरज नाही, पण कच्चा दुवा एकही नको. समोरचा संघ अचूक तोच हेरतो. पाचांपैकी निदान दोघे स्वतः नवख्या करारावर असले तर पैशाचं गणित बसतं. राखीव मोजायला विसरू नये. सामन्याच्या दिवशी आठ लाइनमन तयार ठेवले तर संघाला ४८ खेळाडू उतरवता येतात, नाहीतर ४७. नियमानेच सुचवलं आहे की आठ हवेत. १७ सामन्यांच्या मोसमात सहावा आणि सातवा माणूस हमखास खेळतो. टेक्सन्सचा सारा भरवसा एका बोसेलीवर होता.

टाइट एंड आणि मधल्या भागात धावणारा भरवशाचा रिसिव्हर यांना त्यानंतर घ्यावं, कारण घाबरलेल्या क्वार्टरबॅकला पाच-सात यार्डांवर कुणीतरी दिसावं लागतं. पहिल्या दर्जाचा मोठा रिसिव्हर क्वार्टरबॅकसोबत किंवा वर्षभराने आला तरी चालतो. रनिंग बॅक सगळ्यात शेवटी. त्यांची उमेद चार-पाच वर्षांची असते, लवकर घेतला तर नेमका कामाच्या वेळी थकतो. बचावावर आधी फार जुने, महागडे खेळाडू भरू नयेत. बचावाची कामगिरी वर्षागणिक वरखाली होते, आणि ३१ वर्षांचे पास-रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारे बचावपटू, आपला क्वार्टरबॅक तयार होईपर्यंत निवृत्तीला येतात.

मधल्या काळासाठी एक-दोन वर्षांच्या करारावर अनुभवी क्वार्टरबॅक लागतो. त्याची निवड करताना एक गोष्ट पाहावी. तो नव्या खेळाडूला जे खेळायचं आहे तेच खेळू शकतो का? पूर्ण वेगळ्या पद्धतीचा माणूस आणला तर लाइन आणि रिसिव्हर चुकीच्या लयीला सरावतात.

या वाटेतही खड्डे आहेत. वाट बघता बघता लाइन म्हातारी होते. किंवा मालक दोन सात-आठ विजयांच्या मोसमांना कंटाळतो आणि प्रशिक्षकाला काढतो. नऊ विजयांवर वर्षानुवर्षं अडकून राहणं हाही खरा धोका आहे, त्यामुळे एखाद्या वर्षी धाडस करून वर चढावंच लागतं. आणि मजबूत संघ चुकीच्या माणसाला बरोबर करू शकत नाही. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि तिसऱ्या फेरीची एक निवड देऊन ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक घेतला. संघ उत्तम होता, पण लान्सने कॉलेजात फक्त १७ सामने सुरुवातीपासून खेळले होते. पुढे दुखापत झाली आणि दोन वर्षांनी तो चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात गेला. त्याच भिंतीमागे ब्रॉक पर्डी, २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२वा खेळाडू, मात्र फुलला.

उलट, पेटन मॅनिंगसारखा असामान्य क्वार्टरबॅक समोर आला तर थांबायचं नसतं. १९९८ मध्ये इंडियानापोलिसने त्याला घेतलं, पहिल्या मोसमात २८ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेल्या फेका) आणि ३ विजय, पुढच्याच मोसमात १३ विजय. पण तिथेही रिसिव्हर मार्व्हिन हॅरिसन १९९६ मध्ये आणि टॅकल टॅरिक ग्लेन १९९७ मध्ये आधीच घेतलेले होते. अँड्र्यू लक या क्वार्टरबॅकला २०१२ मध्ये त्याच संघाने घेतलं तेव्हा आधी भिंत उभारणं राहून गेलं. खांद्याच्या दुखापतीमुळे त्याचा २०१७ चा अख्खा मोसम गेला. क्वेन्टन नेल्सन हा गार्ड २०१८ मध्ये आला आणि त्या वर्षी लक फक्त १८ वेळा पडला, पण तोवर शरीर थकलं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये, २९व्या वर्षी, त्याने खेळ सोडला. चाहत्याला याहून जास्त हळहळ लावणारी गोष्ट या खेळात क्वचितच सापडेल. केलेब विल्यम्सला घेणाऱ्या बेअर्सनी निदान उशीर फार केला नाही. विल्यम्स पहिल्या मोसमात ६८ वेळा पडला, आणि २०२५ च्या वसंतात त्यांनी मधल्या तिन्ही जागा बदलल्या. डावा गार्ड म्हणून आला तो कॅन्सस सिटीचाच जो थूनी.

सप्टेंबरात, गणपतीच्या सुमारास, मोसम सुरू होतो. भारतातून बघणाऱ्यांना रविवारी रात्री साडेदहाला पहिले सामने दिसतात, नोव्हेंबरपासून साडेअकराला. नवख्या क्वार्टरबॅकचा सामना असेल तर सुरुवातीला चेंडूमागे नजर नेऊ नका. स्नॅप झाला की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजा, आणि टाइट एंड व रनिंग बॅक पुढे धावतात की मागेच थांबतात ते बघा. तिसऱ्या प्रयत्नाला किती यार्ड उरतात तेही कागदावर टिपा. हा आकडा सतत आठच्या वर जात असेल आणि दोघेही मागेच थांबत असतील, तर पुढच्या एप्रिलमध्ये त्या संघाला काय घ्यायला हवं ते तुम्हाला पहिल्या अर्ध्यातच कळलेलं असेल.